आईच्या पाटल्या गहाण ठेवू का?

प्रश्न : ताई, मी 28 वर्षांचा आहे. तुमच्याहून बराच लहान, तेव्हा एकेरीच लिहा. मूळ गाव बार्शी, सध्या चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पगार हातात 31 हजार. दीड वर्षापूर्वी एका मित्राने मला ऑप्शन ट्रेडिंगच्या, म्हणजे शेअर बाजारातल्या मुदतीच्या सौद्यांच्या, टेलिग्राम चॅनेलवर घेतलं. पहिल्याच आठवड्यात 9 हजारांचे 23 हजार झाले. नंतर ऑप्शन विकायलाही शिकलो. आज एकूण तोटा 4 लाख 10 हजार आहे. त्यात अडीच लाखांचं पर्सनल लोन, 40 हजार मित्राचे, बाकी माझी बचत. पण माझी पद्धत चुकीची नाही. महिन्यातले सोळा-सतरा दिवस मी हिरव्यात असतो, दोन-तीन दिवसच अंगावर येतात. गेल्या चार एक्स्पायऱ्या (सौद्यांची मुदत संपण्याचे दिवस) सलग तोट्यात गेल्या, म्हणजे आता पाळी पालटणारच. आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ ठेवली तर 2 लाखांचं गोल्ड लोन मिळतं. तोटा भरून निघाला की कायमचं बंद करणार. लॉगिन करताना ‘दहापैकी नऊ जणांना तोटा होतो’ अशी चौकट रोज येते, मी ती रोज बंद करतो. रात्री झोप लागत नाही. आईला न सांगता दागिने ठेवले तर चालेल का? लॉकरची चावी माझ्याकडेच असते.

— एक वाचक, चाकण

उत्तर :

नाही. दागिने ठेवू नकोस. आईला न सांगता तर नाहीच, पण ती हो म्हणाली तरीही नाही. गोल्ड लोन घेताना दागिने आपल्या मालकीचे असल्याचं लिहून सही करून द्यावी लागते. तू दुसऱ्याच्या वस्तूवर खोटी सही करणार आहेस आणि ती दुसरी व्यक्ती तुझी आई आहे. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी काही करू नकोस, एवढं माझं ऐक.

तू हुशार आहेस, हे तुझ्या पत्रावरून दिसतं. आकडे लपवले नाहीस, तोटा रुपयांत मांडलास. म्हणून तुला बाजाराचं ज्ञान पाजत नाही. ज्या चार-पाच समजुतींवर तू हा बेत उभा केला आहेस, त्या एकेक करून तपासू. त्या तुझ्या एकट्याच्या नाहीत. माणसाचं डोकं घाईत शक्यता मोजायला बसलं की याच आडवाटा धरतं. डॅनिअल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात या वाटा एकेक करून दाखवून दिल्या.

सुरुवात बेताच्या हिशेबापासून करू. हाती येणार 2 लाख, भरून काढायचे 4 लाख 10 हजार. म्हणजे 2 लाखांचे 6 लाख 10 हजार व्हायला हवेत, तिपटीहून जास्त. समज, बाजार तुझ्याशी अगदी सरळ वागला. ब्रोकरेज नाही, कर नाही, आणि प्रत्येक सौदा सरासरीने ना नफा ना तोटा असा. अशा समसमान खेळात तू एकतर 6 लाख 10 हजार होईपर्यंत, नाहीतर सगळे जाईपर्यंत खेळत राहिलास, तर जिंकायची शक्यता 2 भागिले 6.1, म्हणजे जेमतेम 33 टक्के. तीनातल्या दोन वाटांनी पाटल्या जातात. आणि हा खेळ समसमान नाही. प्रत्येक ऑर्डरला ब्रोकरेज आहे, त्यावर जीएसटी आहे, ऑप्शन विकताना एसटीटी हा सौद्यावरचा कर आहे, शिवाय गोल्ड लोनचं व्याज चालूच. तेव्हा ते 33 टक्केही तुझ्या वाट्याला पूर्ण येत नाहीत.

हा हिशेब तू केला नसशील, कारण तोट्यात असलेलं मन तो करतच नाही. कानेमन-ट्वर्स्की यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला एक प्रश्न ऐक. एका बाजूला 3,000 चा नक्की तोटा. दुसऱ्या बाजूला 80 टक्के शक्यता की 4,000 जातील आणि 20 टक्के शक्यता की काहीच जाणार नाही. शंभरातल्या 92 जणांनी दुसरी बाजू निवडली. सरासरी काढली तर दुसऱ्या बाजूला 3,200 चा तोटा बसतो, म्हणजे ती वाईटच. मग त्याच लोकांसमोर तोच प्रश्न नफ्याच्या रूपात ठेवला: 3,000 नक्की घ्या, किंवा 4,000 ची 80 टक्के संधी घ्या. आता 80 टक्के लोकांनी नक्कीचे 3,000 उचलले. माणसं तीच, पण नफ्यात असताना ती जपून चालतात आणि तोट्यात असताना जुगार निवडतात, केवळ ‘कदाचित काहीच जाणार नाही’ या आशेवर.

तुझं असंच झालं आहे. दीड वर्षापूर्वी, खिशात बचत असताना, कुणी तुला म्हटलं असतं की आईचे दागिने ठेवून निफ्टी या बाजार निर्देशांकाचे पुट, म्हणजे बाजार पडल्यास भरपाई देण्याचे करार, विक, तर तू त्याला दारातही उभं केलं नसतंस. आज तो बेत तुला सुटकेसारखा वाटतो. या दीड वर्षात बेत काही सुधारला नाही. तू तोट्यात गेलास एवढाच फरक. गेलेले 4 लाख 10 हजार गेले. पुढच्या सौद्याला त्यांची माहिती नसते. तू नफ्यात आहेस की कर्जात, हे पाहून बाजार हलत नाही.

‘चार एक्स्पायऱ्या सलग तोट्यात, म्हणजे आता पाळी पालटणार’ हा याच भ्रमाचा भाऊ आहे, त्यावर फार थांबत नाही. 18 ऑगस्ट 1913 ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चक्रावर काळा रंग लागोपाठ 26 वेळा आला. दहा-पंधरा वेळा काळा आल्यावर ‘आता लाल येणारच’ म्हणून लोक पैसे ओतत गेले आणि धुऊन निघाले. चक्राला मागचं आठवत नाही. बाजार चक्राहून गुंतागुंतीचा आहे, पण तुझ्या खात्यातल्या मागच्या चार तोट्यांची नोंद त्याच्याकडेही नाही.

आता तुझ्या पत्रातलं सगळ्यात फसवं वाक्य: ‘महिन्यातले सोळा-सतरा दिवस मी हिरव्यात असतो.’ हे खरं असणार. आणि यातच सगळी गोम आहे, म्हणून इथे जरा बसू.

ऑप्शन विकणाऱ्याला प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, आधी मिळतो. बाजारभावापासून लांबच्या स्ट्राइकचे, म्हणजे करारात ठरलेल्या भावाचे, बहुतेक ऑप्शन एक्स्पायरीला शून्य होतात आणि प्रीमियम खिशात राहतो. त्यामुळे रचनाच अशी की बहुतेक दिवस थोडा नफा आणि क्वचित एखाद्या दिवशी जबर तोटा. उदाहरणादाखल धर: 17 दिवस प्रत्येकी 1,500 नफा, म्हणजे 25,500. तीन दिवस प्रत्येकी 16,000 तोटा, म्हणजे 48,000. महिनाअखेर वजा 22,500. आता तुझा 4 लाख 10 हजारांचा तोटा 18 महिन्यांत वाटून बघ. साधारण 23 हजार येतात. विसातले 17 दिवस जिंकूनही हे होतं, कारण तू किती वेळा जिंकलास ते मोजतोस, किती रुपयांनी हरलास ते मोजत नाहीस. दिवस मोजायला सोपे आणि सुखाचे असतात, म्हणून मन तेच मोजतं. ते दोन-तीन दिवस तुझ्या पद्धतीला आलेला अपवाद नाहीत. पद्धतीची किंमत त्या दिवशी वसूल होते.

याचा एक मोठा नमुना घडून गेला आहे. लोकसभेचे एक्झिट पोल आले आणि 3 जून 2024 ला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर गेला. ‘आता खाली येत नाही’ म्हणून पुट विकणं त्या संध्याकाळी फुकटचे पैसे वाटत होते. दुसऱ्या दिवशी, 4 जूनला, निकालाचे कल येऊ लागले आणि दिवसअखेर निफ्टी 1,379 अंकांनी, जवळजवळ सहा टक्क्यांनी घसरला. ज्यांनी कित्येक महिने रोज थोडं थोडं कमावलं होतं, त्यांतल्या अनेकांचं ते एका दुपारीत गेलं. आदल्या रात्री त्यांना विचारलं असतं, तर तेही म्हणाले असते, ‘मी बहुतेक दिवस हिरव्यात असतो.’

आणि तो पहिला आठवडा, 9 हजारांचे 23 हजार. मला वाटतं, तुझं खरं नुकसान त्या आठवड्याने केलं. तू क्वालिटीत आहेस. पाच हजार नगांचा लॉट आला आणि कुणी वरचे चार नग गेजला लावून ‘ओके आहे, पास कर’ म्हणालं, तर तू सही करशील? नाही. सॅम्पल किती घ्यायचं याचा तक्ता असतो, आणि चार नग चांगले निघाले म्हणून लॉट चांगला ठरत नाही, हे तुला झोपेतही माहीत आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र तू चार सौद्यांवर लॉट पास केलास. 1971 साली कानेमन-ट्वर्स्की यांनी दाखवलं की आकडेशास्त्रात मुरलेले संशोधकही इवल्याशा नमुन्यावर नको तितका भरवसा ठेवतात. तेव्हा यात तुला कमीपणा नाही. पण लॉट परत तपासायची वेळ आली आहे.

पूर्ण लॉट शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने तपासून ठेवलेला आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या 1 कोटी 13 लाख वैयक्तिक ट्रेडर्सचा हिशेब सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर झाला. त्यांतल्या 93 टक्के लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा 1 लाख 81 हजार कोटी रुपये, तोट्यात गेलेल्यांचा माणशी सरासरी 2 लाखांच्या आसपास. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे फक्त एक टक्का. आणि तोट्यात गेलेल्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक जण पुढेही खेळतच राहिले. म्हणून तुझं ‘भरून निघालं की कायमचं बंद’ हे वाक्य मला मनापासून लिहिलेलं वाटतं, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. त्या 75 टक्क्यांतल्या कितीतरी जणांनी हेच ठरवलं असणार. नंतर नियम कडक झाले, आठवड्याच्या एक्स्पायऱ्या कमी झाल्या, सौद्याचे किमान लॉट मोठे झाले, तरी 2024-25 मध्येही 91 टक्के लोक तोट्यातच होते.

लॉगिनची ती चौकट जुलै 2023 पासून सेबीच्या आदेशाने प्रत्येक ट्रेडरसमोर येते. तू ती वाचतोस आणि मनात म्हणतोस, ‘बरोबर आहे, पण मी दहावा.’ का वाटतं असं? कारण स्वतःचा अभ्यास, चार्टवर घालवलेल्या रात्री, शिकलेल्या चुका हे सगळं तुला आतून दिसतं. बाकीच्या नऊ जणांचं काहीच दिसत नाही. त्यांनीही रात्री जागवल्या, त्यांनीही क्लास लावले. अंदाज बांधताना आपली गोष्ट बाजूला ठेवून आधी विचारायचं, ‘माझ्यासारख्यांचं साधारणपणे काय होतं?’ उत्तर 93 टक्के आहे. तिथून सुरुवात करून मग स्वतःच्या बाजूने पुरावा असेल तर थोडं सरकायचं. तुझ्याकडे पुरावा आहेच, 18 महिन्यांचा, आणि तो नऊ जणांच्या बाजूचा आहे.

समोर कोण बसलंय, हेही बघ. 2023-24 मध्ये वैयक्तिक ट्रेडर्सनी पैसे घालवले, तेव्हा खर्च धरण्याआधी मोठ्या संस्थांच्या, स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या डेस्कनी 33 हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी 28 हजार कोटी कमावले. या नफ्यातला 96-97 टक्के भाग संगणकी अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांचा होता. तू पहिल्या पाळीत सुपरवायझरची नजर चुकवून मोबाइलवर ऑर्डर टाकणार, आणि पलीकडे हे. इथे तुझी अक्कल कमी पडते असं मी म्हणत नाही. सामनाच बरोबरीचा नाही.

टेलिग्राम चॅनेलबद्दल थोडक्यात. तिथे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट दिसतात, म्हणून नफा सर्रास होतो असं वाटू लागतं. जे सहज आठवतं ते मनाला वारंवार घडणारं वाटतं. तोट्याचा स्क्रीनशॉट कोण टाकतो? तूही टाकला नाहीस. तुझे 4 लाख 10 हजार कुणाच्याच फोनवर दिसत नाहीत. शिवाय अर्ध्या लोकांना कॉल (बाजार चढला तर फायदा देणारा ऑप्शन) घ्यायला सांगायचं, अर्ध्यांना पुट (पडला तर फायदा देणारा), आणि ज्यांचं बरोबर आलं त्यांच्याकडून ‘प्रीमियम ग्रुप’ची फी घ्यायची, हा जुना धंदा आहे. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते आणि नोंदणी असलेल्यालाही खात्रीच्या परताव्याचं वचन देता येत नाही. आजच बाहेर पड.

आता करायचं काय. आधी ब्रोकरच्या अॅपमध्ये जाऊन फ्यूचर्स-ऑप्शन्स हा सेगमेंट बंद कर. अॅपमध्ये सापडलं नाही तर त्यांना ईमेल कर. उघडी पोझिशन, म्हणजे चालू सौदा, असेल तर ती आधी मोकळी कर, ‘थोडी वर आली की’ असं म्हणू नकोस. सेगमेंट परत चालू करायला उत्पन्नाचे कागद द्यावे लागतात, आणि मनाने उचल खाल्ली तर तेवढा अडसरही कामाला येतो. नुसतं अॅप काढून टाकणं पुरत नाही, ते दोन मिनिटांत परत येतं.

मग आई. तिला फोनवर सांगू नकोस. बार्शीला जा, चावी तिच्या हातात दे आणि पूर्ण आकडा एकदाच सांग. निम्मा सांगितलास तर उरलेला लपवायला परत बाजारात जावंसं वाटेल. ‘आई, मी शेअर बाजारात 4 लाख 10 हजार घालवले. त्यात अडीच लाख बँकेचे आणि 40 हजार मित्राचे आहेत. दागिने ठेवायचा विचार डोक्यात आला होता, म्हणून चावी तुझ्याकडे देतोय.’ एवढं पुरे. ती रागावेल, रडेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. पण गेलेल्या पैशाचा धक्का आणि रिकाम्या लॉकरचा धक्का यांत फार अंतर आहे. पहिल्यातून घरं सावरतात.

मित्राला स्वतःहून गाठ आणि महिना ठरवून दे, दरमहा चार हजार असं. पर्सनल लोनचा हप्ता पगाराच्या दिवशीच कापला जाईल असं बघ. दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइम जे येईल ते कर्जाकडे. काही वर्षं जातील. तुझ्या वयाला ती भारी वाटतील, मला कळतं. पण 28 व्या वर्षी तीन लाखांच्या आतलं कर्ज आणि चालू नोकरी म्हणजे बुडालेला माणूस नव्हे. त्यावर गोल्ड लोन चढलं की चित्र वेगळं होतं.

झोपेचं तू एका ओळीत उरकलंस, मी उरकणार नाही. तोटा, कर्ज आणि लपवाछपवी तिन्ही एकदम डोक्यावर असली की विचार फार काळे होतात. 14416 हा ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आज रात्री झोप आली नाही तर तिथे फोन कर. आपलं काही बरंवाईट करून घ्यावं असा विचार मनात आला, तर रात्रीची वाट न बघता त्याच क्षणी कर आणि रूममेटला उठव.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी तोट्यातली पोरं हमखास सोडून देतात. फ्यूचर्स-ऑप्शन्सचा तोटा आयकरात बिगर-सट्टा व्यवसायाचा तोटा धरला जातो. तो पगारातून वजा होत नाही, पण रिटर्न मुदतीत भरलं तर पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. ब्रोकरकडून दोन्ही वर्षांचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे करासाठीचं नफा-तोट्याचं पत्रक, काढ, खर्चाचा रकानाही बघ, आणि रिटर्न भरून देणाऱ्या सीएकडे जा. पगारदाराचा नेहमीचा सोपा फॉर्म यात चालत नाही, आयटीआर-3 लागतो. लागणारे कागद बार्शीहून परत आल्यावर पहिल्याच सुट्टीला काढून ठेव.